बाईकचं ऑइल २ हजार किलोमीटरवर बदलायचं की ६ हजारावर? गॅरेजवाला आणि कंपनी, ऐकायचं कुणाचं?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. दसरा-दिवाळीच्या तोंडावर गाड्या स्वस्त झाल्या आणि अनेकांनी लांबणीवर टाकलेली बाईक घरी आणली. आता या गाड्या सर्व्हिसिंगला येतायत आणि त्यासोबत एक जुना वाद पुन्हा वर आलाय.

कंपनीचं पुस्तक म्हणतं, ऑइल ५ किंवा ६ हजार किलोमीटरवर बदला. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणतो, "दोन हजारला बदला, नाहीतर इंजिन जाईल." रील्सवर तर दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ हजर आहेत.

वाद वरकरणी किरकोळ वाटतो. पण २०२४-२५ या एका आर्थिक वर्षात देशात सुमारे १ कोटी ९६ लाख दुचाकी विकल्या गेल्या. त्यातल्या बऱ्याच गाड्यांवर घर चालतं. ऑइल गरजेपेक्षा लवकर बदललं तर पैसे वाया जातात, उशिरा बदललं तर इंजिन उघडायची वेळ येते. मग खरं कोणाचं?

थोडक्यात उत्तर असं: पुस्तकातला आकडा खोटा नाही. पण त्या आकड्याशेजारी आणखी काही ओळी छापलेल्या असतात आणि त्या फारसं कुणी वाचत नाही. त्या ओळींसकट वाचलं तर गॅरेजवाला आणि कंपनी यांच्यातलं बरंचसं भांडण मिटतं.

पुस्तकात नेमकं काय लिहिलेलं असतं?

नव्या गाडीचं पहिलं ऑइल लवकर काढायचं असतं, साधारण ५०० ते १,००० किमीच्या आत. नव्या इंजिनाचे भाग एकमेकांवर घासून बसत असतात. त्यातून निघणारे धातूचे बारीक कण ऑइलमध्ये उतरतात. ते बाहेर काढणं गरजेचं असतं, त्यामुळे ही पहिली सर्व्हिसिंग चुकवायची नाही.

त्यानंतरचा आकडा गाडीनुसार बदलतो. १०० ते १२५ सीसीच्या अनेक गाड्यांमध्ये तो ५ ते ६ हजार किमीच्या आसपास असतो. काही गाड्यांमध्ये तो याहून मोठा आहे. रॉयल एनफिल्डने २०१९ मध्ये बुलेट ३५० सारख्या गाड्यांची सर्व्हिसिंग ३ महिने किंवा ३ हजार किमीवरून ६ महिने किंवा ५ हजार किमीवर नेली. ऑइल बदलण्याचा टप्पा तर १२ महिने किंवा १० हजार किमी केला. त्यासोबत सेमी-सिंथेटिक ऑइल वापरायला सांगितलं.

आता त्या न वाचलेल्या ओळी:

- "किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते." म्हणजे किलोमीटर पूर्ण झाले नाहीत तरी ठरलेले महिने झाले की ऑइल बदलायचं.
- "मधल्या काळात ऑइलची पातळी तपासा, कमी असेल तर भरा." काही कंपन्या यासाठी वेगळा टप्पाच देतात.
- "धूळ, पाऊस, जास्त ओझं किंवा सतत थांबत-चालत वापर असेल तर सर्व्हिसिंग लवकर करा."

बऱ्याच जणांच्या लक्षात राहतो तो फक्त ६ हजारचा आकडा.

मग २ हजारचा आकडा आला कुठून?

तो कुणी हवेतून काढलेला नाही. एकेकाळी तो बरोबरच होता.

जुन्या गाड्यांना कार्ब्युरेटर होते. चोक ओढून गाडी सुरू केली की गरजेपेक्षा जास्त पेट्रोल आत जायचं आणि त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरायचं. पेट्रोल मिसळलं की ऑइल पातळ होतं. शिवाय तेव्हाच्या इंधनात गंधक जास्त असायचं. ते जळून आम्ल तयार होतं आणि हे आम्ल ऑइलला आतून संपवतं. त्या काळचं साधं मिनरल ऑइलही आजच्याइतकं टिकाऊ नव्हतं.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले. दुचाकींमध्ये फ्युएल इंजेक्शन आलं, त्यामुळे पेट्रोल मोजून-मापून आत जातं. बीएस-४ च्या इंधनात गंधकाची मर्यादा १० लाख भागांत ५० भाग होती, ती १० भागांवर आली. ऑइलचा दर्जाही वाढला. इंजिन, इंधन आणि ऑइल तिन्ही बदलली, गॅरेजमधला आकडा मात्र तोच राहिला.

असं फक्त आपल्याकडेच झालंय असं नाही. अमेरिकेत कारचं ऑइल दर ३ हजार मैलांवर बदलायचं, ही समजूत अशीच घट्ट बसली होती. शेवटी कॅलिफोर्नियाच्या सरकारी कचरा विभागाला लोकांना सांगावं लागलं की आधी गाडीचं पुस्तक उघडून आकडा बघा, उगाच ऑइल वाया घालवू नका.

बाईकचं ऑइल कारपेक्षा लवकर का थकतं?

"कारचं ऑइल १० हजार किमी चालतं, मग बाईकचं का नाही?" हा प्रश्न हमखास येतो. याची कारणं तीन आहेत.

पहिलं, प्रमाण. १०० ते १२५ सीसीच्या बाईकमध्ये ऑइल असतं साधारण एक लिटर किंवा त्याहून थोडं कमी. छोट्या कारमध्येही ते तीन लिटर किंवा जास्त असतं. तीच घाण, तीच उष्णता कमी ऑइलला झेलावी लागते.

दुसरं, कामं. कारमध्ये इंजिनचं ऑइल वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं. बहुतेक बाईकमध्ये एकच ऑइल इंजिन, गिअर आणि क्लच प्लेट्स असं तिन्ही सांभाळतं. गिअरचे दात ऑइलमधल्या दाटपणा टिकवणाऱ्या घटकांना अक्षरशः चिरडतात. त्यामुळे ऑइल हळूहळू पातळ होत जातं.

तिसरं, उष्णता. बहुतेक बाईकची इंजिनं वाऱ्यावर थंड होतात. विदर्भातला ४५ अंशांचा उन्हाळा असो नाहीतर घाटात डबलसीट चढणारी गाडी असो, वारा कमी पडला की इंजिन तापतं आणि ऑइलचं आयुष्य घटतं.

स्कूटरचं थोडं वेगळं आहे. ऑटोमॅटिक स्कूटरचा क्लच कोरडा असतो आणि मागच्या चाकाजवळच्या गिअरसाठी वेगळं गिअर ऑइल असतं. इलेक्ट्रिक स्कूटरला तर इंजिन ऑइलच नाही, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही.

किलोमीटरचा आकडा फसवतो तो इथे

मीटर किलोमीटर मोजतं. इंजिन किती तास चाललं हे मोजत नाही. इथेच सगळी गडबड होते.

समजा एकाची गाडी हायवेवर सरासरी ताशी ५० किमीने धावते. ६ हजार किमीला तिचं इंजिन १२० तास चालतं. दुसऱ्याची गाडी मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये सिग्नल, कोंडी धरून सरासरी ताशी २० किमीने सरकते. त्याच ६ हजार किमीला तिचं इंजिन ३०० तास चालतं, म्हणजे अडीचपट. तासांचा हिशोब धरला तर हायवेचे १२० तास शहरात २,४०० किमीलाच भरतात.

गॅरेजवाल्याचा "दोन-अडीच हजार" हा आकडा इथे अचानक ओळखीचा वाटू लागतो. अर्थात हा हिशोब जसाच्या तसा लावता येत नाही. सिग्नलला नुसतं चालू असलेलं इंजिन आणि ओझं ओढणारं इंजिन यांच्यावरचा ताण सारखा नसतो. पुस्तकातला आकडाही फक्त हायवेसाठी काढलेला नसतो. पण दिशा कळते: दोन गाड्यांचं मीटर सारखं दिसलं तरी ऑइलची अवस्था सारखी नसते.

आता उलटं उदाहरण. एखाद्याचं ऑफिस घरापासून ३ किमीवर आहे. रोज ६ किमी, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १,८०० किमी. ६ हजार किमी व्हायला तीन वर्षांहून जास्त लागतील. "गाडी फार चालत नाही" म्हणून हा माणूस निवांत असतो. पण त्याच्या ऑइलचे हाल जास्त असू शकतात.

इंजिनमध्ये पेट्रोल जळताना पाण्याची वाफही तयार होते. त्यातली थोडी खाली ऑइलपर्यंत पोहोचते. गाडी लांब चालली की इंजिन नीट तापतं आणि हे पाणी उडून जातं. तीन किमीत इंजिन पुरेसं तापत नाही, मग पाणी आतच राहतं. पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली कधी कधी दुधाळ, लोण्यासारखा थर दिसतो, तो याच पाण्याचा. अशा गाडीसाठी पुस्तकातली महिन्यांची ओळ किलोमीटरपेक्षा महत्त्वाची ठरते.

ई२० पेट्रोलबद्दल गेल्या काही काळात बरीच ओरड झाली. ऑइलपुरतं बोलायचं तर इथेनॉल पाणी धरून ठेवतं, त्यामुळे सतत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीला वरचा मुद्दा जास्त लागू होतो. एप्रिल २०२३ पूर्वीची गाडी असेल तर तिच्या पुस्तकात कोणतं इंधन चालेल म्हटलंय, हेही एकदा बघायला हरकत नाही.

डिलिव्हरी करणाऱ्यांसाठी हा पोटाचा प्रश्न आहे

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात २०२०-२१ मध्ये ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाखांवर जातील असा अंदाज आहे. यातले सगळे बाईकवर नसतात. पण जे असतात त्यांच्या गाडीचं पेट्रोल, टायर, ऑइल हे सगळं सहसा त्यांच्याच खिशातून जातं.

एक साधं गणित मांडून बघू. रोज १०० किमी, महिन्यात २५ दिवस, म्हणजे वर्षाला ३० हजार किमी. ऑइल आणि मजुरी मिळून एका वेळचे ५०० रुपये धरले तर:

- दर २ हजार किमीला बदललं: वर्षात १५ वेळा, ७,५०० रुपये
- दर ३ हजार किमीला बदललं: वर्षात १० वेळा, ५,००० रुपये
- दर ६ हजार किमीला बदललं: वर्षात ५ वेळा, २,५०० रुपये

पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यात ५ हजारांचा फरक आहे. महिन्याचा हप्ता भरणाऱ्याला हा फरक जाणवतो. पण याच माणसाचा वापर पुस्तकातल्या "कठीण वापर" या ओळीत नेमका बसतो: सतत थांबणं, पाठीवर ओझं, धूळ, दिवसभर गरम इंजिन. पूर्ण ६ हजारांपर्यंत ताणणं त्याच्यासाठी जोखमीचं आहे. इंजिनचं बोअर-पिस्टनचं काम निघालं तर काही हजार रुपये जातातच, वर गाडी गॅरेजमध्ये असेल तितके दिवस कमाईही बंद.

अशा वापरासाठी मधला रस्ता व्यवहार्य ठरतो. पुस्तकातल्या आकड्याच्या निम्म्यावर, म्हणजे ३ हजारच्या आसपास ऑइल बदलायचं आणि दर आठवड्याला पातळी बघायची. २ हजारला बदलण्याच्या तुलनेत वर्षाचे अडीच हजार वाचतात.

जुन्या ऑइलपेक्षा कमी ऑइल जास्त घातक

इंजिन थोडं-थोडं ऑइल खातंच. गाडी जुनी होत जाते तसं हे प्रमाण वाढतं. एक लिटरमधलं ३०० मिली कमी झालं तर जवळजवळ एक तृतीयांश ऑइल गेलं. उरलेल्यावर तेवढाच ताण. डॅशबोर्डवर याचा इशारा देणारा दिवा अनेक छोट्या गाड्यांमध्ये नसतोच.

२ हजारला ऑइल बदलणाऱ्याचं इंजिन चांगलं राहतं, त्याचं एक कारण हेही आहे की दर २ हजारला त्याची पातळी आपोआप पूर्ण भरली जाते. ६ हजारचा टप्पा पाळणाऱ्याने मध्ये एकदाही पाहिलं नाही तर तो हा फायदा गमावतो आणि मग दोष कंपनीच्या आकड्याला देतो.

पातळी बघायला दोन-पाच मिनिटं लागतात:

- गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा. मेन स्टँड नसेल तर कुणाला तरी सरळ धरायला सांगा. साइड स्टँडवर पातळी चुकीची दिसते.
- इंजिन तीन-चार मिनिटं चालू ठेवा, बंद करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा.
- इंजिनवर काचेची छोटी खिडकी असेल तर ऑइल वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये दिसायला हवं.
- खिडकी नसेल तर डीपस्टिक काढून पुसा, पुन्हा आत घाला आणि खूण बघा. अनेक गाड्यांमध्ये ती आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. तुमच्या गाडीचं काय ते पुस्तकात चित्रासह दिलेलं असतं.
- वरच्या खुणेच्या वर ऑइल भरू नका. जास्त ऑइलनेही नुकसान होतं.

"ऑइल काळं पडलंय" म्हणजे बदलायलाच हवं?

गॅरेजमध्ये बोटावर ऑइल घेऊन "बघा, किती काळं झालंय" असं दाखवलं जातं. पण नुसत्या रंगावरून निकाल देता येत नाही. ऑइलमध्ये काजळी आणि घाण धरून ठेवणारे घटक मुद्दाम घातलेले असतात. ऑइल काळं होतंय म्हणजे ते घाण इंजिनला चिकटू न देता स्वतःत ओढून घेतंय. काही शे किलोमीटरमध्ये रंग बदलणं नेहमीचंच आहे.

लक्ष द्यावं अशी लक्षणं वेगळी आहेत: ऑइल दुधाळ दिसणं, त्याला पेट्रोलचा उग्र वास येणं, त्यात धातूचे चमकणारे कण दिसणं, किंवा पातळी भराभर खाली जाणं. यातलं काही दिसलं तर किलोमीटर मोजत बसू नका, गाडी दाखवा.

डब्यावर काय बघायचं?

वेळेवर बदललेलं चुकीचं ऑइलही नुकसान करतं. डब्यावर तीन गोष्टी बघायच्या.

एक, ग्रेड. १०डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-५० असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा गरम इंजिनमध्ये ते किती दाट राहतं ते. "जास्त दाट म्हणजे जास्त चांगलं" ही समजूत चुकीची आहे. पुस्तकात आहे तोच ग्रेड घ्या.

दोन, एपीआय दर्जा. एसएल, एसएम, एसएन अशी अक्षरं असतात. दुसरं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवा.

तीन, जासो हा जपानी दर्जा. गिअरच्या बाईकला एमए किंवा एमए२ लागतं. एमबी हा प्रकार घर्षण कमी करतो आणि तो ऑटोमॅटिक स्कूटरसाठी असतो. तो गिअरच्या बाईकमध्ये घातला तर क्लच घसरू शकतो. कारचं ऑइल बाईकमध्ये टाकू नये, त्याचंही कारण हेच.

सिंथेटिक ऑइल जास्त टिकतं हे खरं. पण ते घातलं म्हणून पुस्तकातला टप्पा स्वतःच्या मनाने वाढवू नका. ऑइल सीलबंद डब्यातलंच घ्या, डबा समोर उघडायला सांगा आणि रिकामा डबा परत भरून विकता येणार नाही असा फोडून टाका.

यात कुणाचा फायदा कशात?

ऑइल वारंवार बदललं तर गॅरेजवाल्याला विक्री आणि मजुरी दोन्ही मिळतात. टप्पा लांब ठेवला तर कंपनीला "आमच्या गाडीचा देखभाल खर्च कमी" असं सांगता येतं. पण कंपनीच्या आकड्यामागे चाचण्या असतात आणि वॉरंटीत इंजिन गेलं तर खर्च तिच्याच अंगावर येतो. गॅरेजवाल्याने तुमच्याच गल्लीतल्या गाड्या वर्षानुवर्षं उघडून पाहिलेल्या असतात. दोघांनाही खोटं ठरवायचं कारण नाही. फक्त गॅरेजवाल्याला "दोन हजार का?" हे विचारा. "तुमची गाडी दिवसभर ट्रॅफिकमध्ये असते" हे उत्तर पटण्यासारखं आहे. "सगळेच बदलतात" हे नाही.

वॉरंटी चालू असेल तर मात्र पुस्तकाच्या पुढे जाण्याचा प्रश्नच येत नाही. ठरलेली सर्व्हिसिंग चुकली तर इंजिनचा दावा नाकारला जाऊ शकतो. "फ्री सर्व्हिसिंग"मध्ये सहसा मजुरी फुकट असते, ऑइलचे पैसे द्यावे लागतात. बिलावर ऑइलचा ग्रेड, तारीख आणि किलोमीटर लिहून घ्या आणि बिलाचा फोटो ठेवा. गाडी डिलिव्हरीसाठी वापरत असाल तर व्यावसायिक वापराच्या अटी आधीच वाचून घ्या. वॉरंटीवरून वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

काढलेलं ऑइल जातं कुठे?

गावाकडे जळकं ऑइल वाळवी लागू नये म्हणून लाकडाला लावतात, कुणी गाडीच्या चेनवर सोडतं, उरलेलं गटारात जातं. कायद्याने वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे. २०१६ च्या नियमांत तो तसा नोंदवलेला आहे आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही टाकलीय. तुमचं गॅरेज ते ड्रममध्ये साठवून अधिकृत गोळा करणाऱ्याला देतं का, हे विचारायला हरकत नाही. गरज नसताना बदललेलं प्रत्येक लिटर या ढिगात भर घालतं.

मग तुम्ही नेमकं काय करायचं?

- नवी गाडी: पहिली सर्व्हिसिंग अजिबात चुकवू नका.
- हायवे आणि शहर असा मिळून साधारण वापर: पुस्तकातला टप्पा पाळा, दर महिन्याला पातळी बघा.
- डिलिव्हरी, रोजची कोंडी, धुळीचे रस्ते, दुधाचे कॅन किंवा असंच ओझं: पुस्तकातल्या आकड्याच्या निम्म्यावर बदला, दर आठवड्याला पातळी बघा. धुळीत एअर फिल्टरही लवकर साफ करा किंवा बदला, कारण तीच धूळ पुढे ऑइलमध्ये जाते.
- गाडी कमी चालते: किलोमीटर विसरा, महिने मोजा. पुस्तकात दिलेले महिने झाले की बदला.
- जुनी, कार्ब्युरेटरची गाडी: तिच्या स्वतःच्या पुस्तकातला टप्पा पाळा, नव्या गाड्यांचा आकडा तिला लावू नका.

पुस्तक हरवलं असेल तर बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर ते पीडीएफमध्ये मिळतं. देखभालीचा तक्ता एक-दोन पानांचा असतो. त्या पानाचा स्क्रीनशॉट मोबाईलमध्ये ठेवा आणि पुढच्या वेळी गॅरेजमध्ये "ऑइल बदलू का?" असं विचारलं गेलं की आधी तो उघडा.